चढावरची खोड

"खोड सांगा, डागदर."

तायाप्पा हेडी माझ्या खुर्चीत आडवे होते. त्यांची वरची कवळी माझ्या हातात होती, खालची ट्रेमध्ये, त्यामुळे दातांवाचून बोललेलं ते वाक्य मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मी कवळी धुऊन त्यांना दिली. त्यांनी ती बसवली, दोनदा चावून पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"गाडीची खोड सांगा. घेतो म्हणालोय, पर खोड ऐकल्याबिगर न्हाई."

"खोड काही नाही, आबा," मी म्हणालो. "चार वर्षं वापरतोय. एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही."

हे शेवटचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. गाडी रस्त्यात कधीच उभी राहिली नव्हती. ती मागे आली होती.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. विट्यात माझा दातांचा दवाखाना आहे, तेव्हाही होता. त्याच्या चार वर्षं आधी, चाळिशी लागायच्या वर्षी, माणसाच्या अंगात येतं तसं माझ्या अंगात आलं आणि मी एक लालभडक, बुटकी, रुंद चाकांची आणि मागे छोटासा पंख लावलेली गाडी घेतली. ऑटोमॅटिक, क्लच नाही, पाय दाबला की मान मागे जायची. सासरे म्हणाले, डिकीत गव्हाचं एक पोतं मावत नाही. बायको, शुभदा, मागच्या सीटवर बसून म्हणाली, "गुडघे कुठे ठेवायचे?" मी कुणालाच दाद दिली नाही. कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्यांचा शोरूमवाला अजून मला दिवाळीचा मेसेज पाठवतो.

गाडीला चार वर्षांची वॉरंटी होती. ती चार वर्षं मी राजासारखी घालवली. खड्ड्यांतनं घातली, स्पीडब्रेकरवरनं उडवली, कुठे टिक् असा आवाज आला की सांगलीला सर्व्हिस सेंटरला नेऊन उभी केली आणि कॉफी पीत बसलो. बघून घेतील कंपनीवाले, आपल्याला काय. मग फेब्रुवारीअखेर वॉरंटी संपली आणि माझा सगळा स्वभावच बदलला. याच गाडीच्या मालकांचा एक ग्रुप होता, चार वर्षं मी त्यावर फक्त फोटो टाकत आलो होतो. आता तक्रारी वाचायला लागलो. कुणाचा गिअरबॉक्स गेला होता, कुणाचा जाणार होता. त्याचा खर्च वाचून मी हिशेब करणंच सोडलं, कारण तेवढ्या पैशांत माझ्या सासऱ्यांनी जुना ट्रॅक्टर घेतला होता. मी गाडी जपून चालवायला लागलो. इतकी जपून, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे.

वॉरंटी संपल्याच्या नवव्या दिवशी ते झालं. भर दुपारी बसस्टँडच्या चढावर पुढे उसाची ट्रॉली थांबली म्हणून थांबलो. ट्रॉली निघाली. मी पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी मात्र जागची हलेना, उलट दोन फूट मागे आली. मागे लिंबूसरबताचा गाडा होता. सरबतवाल्याने डिकीवर थाप मारून मला जी विशेषणं लावली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. तीन-चार सेकंदांनी गाडीने हिसका दिला आणि निघाली. पुढच्या आठवड्यात तसंच आणखी दोनदा झालं.

सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने लॅपटॉप जोडला. बराच वेळ पाहिलं.

"सर, एरर कोड येत नाही. दोष असता तर कोड आला असता."

"अहो, पण चढावर मागे येते."

"ते या गाडीचं कॅरेक्टर आहे, सर."

वॉरंटीत आणली असती तरी कॅरेक्टरच म्हणाला असता का, असं मी विचारलं. तो हसला आणि कॉफी मागवली. ती कॉफी पिताना मी ठरवलं की ही गाडी काढायची. आणि ती निघेपर्यंत बसस्टँडच्या चढाला जायचं नाही. तेव्हापासून मी घरून दवाखान्यात यायला कराड रोडनं मोठा वळसा घालू लागलो.

तायाप्पा आबा या गाडीचं गिऱ्हाईक होतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, खांद्यावर टॉवेल. खिल्लार बैलांच्या व्यवहारात त्यांचा शब्द खरसुंडीच्या बाजारापासून पलीकडे कर्नाटकात चाले. त्यांची नात ऊर्मिला तलाठी झाली होती आणि तिला नेमणूक मिळाली होती रेणावीचा घाट ओलांडून पलीकडच्या गावांत. एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या. तिच्यासाठी त्यांना गाडी हवी होती, आणि लाल गाडी विकायची आहे हे कानावर येताच ते थेट माझ्याकडे आले.

"गावात गाड्या लै हाईत," ते मला म्हणाले होते. "पर तुम्ही कवळी बसवताना म्हणाला हुता, आबा, खालची थोडी हलणारच, उसाचं कांडं चावायचं न्हाई. दुसऱ्यानं गॅरंटी दिली असती. तवाच म्हनलं, ह्यो मानूस खोड सांगून माल देतो."

माणसाची स्तुती इतकी टोचते हे मला त्या दिवशी कळलं. मला लाज वाटली. पण गिअरबॉक्सच्या खर्चाने त्या लाजेला बाजूला बसवलं.

त्यांच्या बाजाराची रीत त्यांनीच मला समजावली. विकणाऱ्याने जनावराची खोड आधी सांगायची. मारकं असेल तर मारकं, पाण्याला बुजत असेल तर बुजतं. सांगून विकलं की पुढे घेणाऱ्याचं नशीब. न सांगता विकलं आणि खोड निघाली, तर आठ दिवसांत जनावर परत मालकाच्या दावणीला, आणि मालकाचं नाव चारचौघांत जाणार ते कायमचं.

गाडी दाखवायला मी गुरुवारी पहाटेची वेळ दिली. थंड हवा, तासगावकडचा सरळसोट रस्ता, चढ औषधालाही नाही. आबा साडेसहाला हजर. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, छतावरून हात फिरवला, मग मागे जाऊन उकिडवे बसले.

"चालवा जरा पुढं. चाल बघतो."

मी वीस पावलं पुढे नेली, वीस पावलं मागे आणली. त्यांनी चारही चाकांकडे पाहिलं आणि मान हलवली. मग खांद्यावरचा टॉवेल काढून एकदम गाडीच्या तोंडासमोर झटकला.

"हे काय आबा?"

"बुजती का बघतो."

वरच्या गॅलरीत शुभदा चहाचा कप घेऊन उभी होती. ती आत पळाली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर आबांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि कठड्यावर बसून पाव तास नुसते ऐकत राहिले. रवंथ करताना जनावर खरं कळतं म्हणे. मग आम्ही तासगाव रोडला जाऊन आलो. गाडी अशी पळाली की मलाच क्षणभर वाटलं, कशाला विकतोय मी ही. परत आल्यावर आबा म्हणाले, "जनावर नामी हाय. आता खोड सांगा."

मी विचार केल्यासारखं करून म्हणालो, "एसी लावला की पहिली दोन मिनिटं जरा वास येतो."

"ही सवय झाली. सवयीनं मालकाला तरास हुतो. खोड म्हंजे जिच्यानं मानूस पडतो, ती."

"तशी काही नाही."

"बिनखोडीचं जनावर म्या पन्नास वर्सांत बघितलं न्हाई," ते म्हणाले. "सापडंल. मी उद्या येतो."

ते खरोखरच आले. रोज अकराच्या सुमाराला येऊन दवाखान्याच्या बाकावर पेशंटांमध्ये बसत आणि माझ्या केबिनचं दार उघडलं की विचारत, "डागदर, सापडली का खोड?" तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या बाकाला विषय कळला होता आणि सगळा बाक मला मदत करायला लागला. गाल सुजलेल्या एका गुरुजींनी बोळा बाजूला सारून सांगितलं की गाडी स्पीडब्रेकरला पोट घासते. कुल्फीवाला म्हणाला, डॉक्टर गाडी लावताना तीनदा मागेपुढे करतात, पण ती खोड गाडीची नसावी. दाढ काढायला आलेल्या एका बाईंनी तर भूल चढायची वाट बघत बघत, त्यांच्या भावाच्या म्हशीची सगळी हकिगत सांगितली. आबा प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "ही बी सवय."

मी रोज "नाही, आबा" म्हणत होतो. रोज ते म्हणणं आदल्या दिवसापेक्षा थोडं जड जात होतं.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी जेवताना शुभदा म्हणाली, "ती मुलगी घाटातून एकटी जाणार ना रोज?"

"कोड येत नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरला दोष दिसत नाही म्हणजे दोष नाही."

"कॉम्प्युटरला दिसत नसेल. तुम्हाला दिसतो ना? नाहीतर रोज कराड रोडनं कशाला जाता?" तिने आमटी वाढली. "माझ्याकडून काही अडणार नाही, अहो. मी काही त्यांना सांगायला जात नाही. तुम्हीच सांगा किंवा नका सांगू."

यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी भर दुपारी आबा नातीला घेऊनच घरी आले. ऊर्मिला पंचविशीची, ठसठशीत बोलणारी. काकांचा पिकअप आणि घरचा ट्रॅक्टर चालवत मोठी झालेली, त्यामुळे लायसन्सच्या परीक्षेत तिनेच इन्स्पेक्टरला रिव्हर्स कसा घ्यायचा ते दाखवलं होतं, असं आबा कौतुकाने सांगत. तिच्या हातात तांब्या होता, पिशवीत नारळ, हळदकुंकू आणि झेंडूची माळ. म्हणजे आज व्यवहार करूनच जायचं होतं.

"एवढे दिस तुमी खोड न्हाई म्हणताय," आबा म्हणाले. "म्या मानतो. आमच्यात शेवटी एक करतात. मालक जनावराच्या पाठीवर हात ठेवतो आन् म्हणतो, ह्या जनावराला खोड न्हाई. वाक्य संपेस्तोवर हात उचलायचा न्हाई. म्हना, आन् माळ घालू."

गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. एप्रिलअखेरचं विट्याचं ऊन आणि लाल पत्रा. मी छतावर तळवा टेकला, "या गाडी..." म्हणालो आणि हात झटकला.

"परत," आबा म्हणाले.

दुसऱ्यांदा मी रुमालाची घडी ठेवून त्यावर हात ठेवला.

"मधी कापड चालत न्हाई."

तिसऱ्यांदा मी भरभर बोलून पाहिलं, पण "खोड" या शब्दापर्यंतही पोचलो नाही. तळहात लाल झाला. समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

"थांबा, डॉक्टर," ऊर्मिला म्हणाली. "गार करते."

आणि तिने तांब्यातलं पाणी छतावर ओतलं. पुढे होऊन आमच्या नळावर तांब्या पुन्हा भरला, पुन्हा ओतला. पदराने पाणी सारखं केलं, स्वतः हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आता ठेवा. भाजणार नाही."

मी हात ठेवला. पत्रा खरंच गार झाला होता. ती माझ्या समोर ओल्या पदराने उभी होती, उद्यापासून त्याच गाडीतून रोज घाटात जाणारी, आणि मला खोटं बोलायला त्रास होऊ नये म्हणून तिने गाडी गार करून दिली होती.

"चढावर मागे येते," मी म्हणालो. "गरम झाल्यावर. चढावर थांबून निघालं की तीन-चार सेकंद जोर सोडून देते आणि दोन फूट मागे येते. मग हिसका देऊन निघते. दोन महिने झाले. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

एवढं बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की गाडी विकली जाणार नाही याचंसुद्धा काही वाटलं नाही.

आबा चिडले नाहीत. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "खोड चढाची हाय हे मला ठावं हुतं," ते म्हणाले. "दोन म्हैने तुमी बसस्टँडच्या चढानं येत न्हाई, लांबचा वळसा घालता. मालक जनावराला कुठल्या वाटंनं न्हेत न्हाई, त्यावरनं खोड कळती. तुमच्या तोंडनं ऐकायची हुती."

"मग आता?"

"आता बघायची. ऐकलेली खोड डोळ्यानं बघितल्याबिगर पोरीच्या हातात देत न्हाई. चला घाटात."

घाटापर्यंत मी गाडी चालवली, शेजारी ऊर्मिला, मागे मधोमध आबा, पुढच्या दोन्ही सीटना धरून. घाटातला सगळ्यात उभा चढ निवडला, मधेच गाडी थांबवली. ती मागे आलेली नीट दिसावी म्हणून ब्रेकला पायच लावायचा नाही असं मी ठरवलं आणि डावा पाय सीटखाली दुमडून बसलो. मग म्हणालो, "आता बघा," आणि उजवा पाय दाबला.

गाडी सुतासारखी सरळ वर गेली.

"पुरेशी तापली नसेल," मी म्हणालो.

खाली आलो, पुन्हा चढलो, मधे थांबलो, निघालो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी एसी चालू केला, म्हणजे इंजिनावर ताण येईल. चौथ्यांदा खिडक्या लावून हीटर लावला, तेव्हा आबा मागे घामाने निथळत "आता आपुनच तापाय लागलो" एवढंच म्हणाले. पाचव्यांदा मी चढावर दहा मिनिटं इंजिन ओरडवत ठेवलं. एक मालट्रकवाला थांबून मदत हवी का विचारून गेला. गाडी प्रत्येक वेळी आज्ञाधारकपणे वर जात होती. कंपनीच्या जाहिरातीतही ती इतकी चांगली चढली नसेल.

आता मात्र माझा धीर सुटला. आरशात आबांचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काहीच दिसत नव्हतं.

"आबा, शपथेवर सांगतो, ती मागे येते," मी म्हणालो. "मी खोटं बोलत नाही."

"नसलेली खोड सांगणं बी खोटंच की," आबा म्हणाले. "कुणाला माल द्यायचा नसला की आमच्याकडं असंच करत्यात. द्यायचं न्हाई तर सरळ सांगायचं, डागदर."

हे मला सर्वांत जास्त लागलं. इतके दिवस खोटं बोललो तेव्हा हा माणूस मला खरा मानत होता आणि आज खरं बोललो तर खोटा ठरत होतो. मी स्टिअरिंगला हात जोडले. चार वर्षं जिचा टिक् असा आवाजही मी खपवून घेतला नाही, त्या गाडीची मी विनवणी करत होतो की बाई, एकदा बिघड.

"मी चालवून बघते," ऊर्मिला म्हणाली.

आम्ही जागा बदलल्या. सहाव्यांदा ती चढली, थांबली, निघाली. गाडी गेली वर. खाली आल्यावर म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही उतरा. एक मोठा दगड शोधा आणि चढावर उभे राहा. मागे आली तर चाकामागे घालायला."

मी उतरलो. पडवळासारखा वाळलेला, इस्त्रीच्या शर्टातला मी, एप्रिलच्या उन्हात घाटाच्या कडेला दगड शोधत होतो. मनासारखा दगड मिळायला बराच वेळ गेला. तोवर गाडी खालीच उभी होती. मग ती सावकाश आली, माझ्यापाशी थांबली, निघायला गेली, इंजिन मोठ्याने ओरडलं आणि ती चांगली चार फूट मागे घसरली. मग थांबली.

मी दगड टाकून दिला, तो माझ्याच अंगठ्यावर पडला, तरी मी एका पायावर नाचत ओरडलो, "आली! मागे आली!" कुणी गाडी बिघडल्यावर इतका आनंद केला नसेल. खिडकीतनं मी आबांचा हात धरला. "बघितलंत ना, आबा? मी म्हणालो नव्हतो?"

"बघितलं," आबा म्हणाले. ते खाली उतरले, त्यांनी गाडीच्या छतावर हात ठेवला, मग माझ्या खांद्यावर. "पोरीचा पाय बी बघितला. घाबरली न्हाई, झटक्यात धरली. घेतो. नारळ फोड गं."

आम्ही तिथेच, घाटात, झेंडूची माळ घालून नारळ फोडला. खोबरं वाटताना माझे डोळे भरून आले होते, आणि ते अंगठ्याच्या दुखण्याने नव्हे.

लाल गाडी गेली. मी सात वर्षांची वॉरंटी असलेली एक पांढरी गाडी घेतली, तीही ऑटोमॅटिकच, आणि यावेळी एकेक कागद वाचून घेतली. वर्ष झालं नाही तोच तिलाही तीच खोड लागली. चढावर थांबलं की सोडायची. मी कंपनीशी इतका भांडलो की त्यांनी एकदा गिअरबॉक्स बदलून दिला. तरी सोडायचीच. मी ग्रुपवर मोठा लेख लिहिला की सगळ्या कंपन्या सारख्याच. पाऊणशे जणांना तो पटला.

तायाप्पा आबा चार वर्षांपूर्वी गेले. गेल्या महिन्यात ऊर्मिला अक्कलदाढ दाखवायला आली. आता ती मंडल अधिकारी आहे. बाहेर लाल गाडी उभी होती, रंग थोडा विटलेला, पण ऐटीत.

"अजून तीच?" मी विचारलं. "घाटात त्रास देत असेल."

"एक लाख ऐंशी हजार किलोमीटर झाले, डॉक्टर. टायर आणि बॅटरी बदलली. बाकी काही नाही."

"आणि चढावर? अजून सोडते?"

ती जरा घुटमळली. "आता आबाही नाहीत, म्हणून सांगते," ती म्हणाली. "तिने कधीच सोडलं नाही. बारा वर्षांत एकदाही नाही."

"अगं, मी स्वतः पाहिलं. चार फूट मागे आली."

"मी लिव्हर न्यूट्रलला टाकला होता." ती मान खाली घालून हसली. "घाटात जाताना मी तुमच्या शेजारी होते. तुमचा डावा पाय सारखा ब्रेकवर होता, डॉक्टर. जपून चालवत होतात ना. ब्रेकवर पाय नुसता टेकलेला असला तरी ही गाडी चाकांना जोर देत नाही, चढावर मागे येते. घाटात तुम्ही तो पाय दुमडून बसलात आणि ती सरळ वर गेली. तेव्हाच शंका आली, आणि स्वतः चालवल्यावर खात्री झाली की गाडीला काही झालेलं नाही."

मी पांढऱ्या गाडीचा विचार केला. बदललेल्या गिअरबॉक्सचा केला. ग्रुपवरच्या लेखाचा तर फारच केला.

"मग तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

"मी सांगणारच होते. आधी आबांच्या कानावर घालावं म्हणून तुम्हाला दगड शोधायला पाठवलं आणि त्यांना सांगितलं. म्हटलं, डॉक्टरांना हाक मारते. तर आबा मागनं म्हणाले, 'गप बस. दांडा मधी टाक आन् मागं येऊ दे गाडी. एवढ्या कष्टानं खरं बोललाय मानूस. त्याला खोटा पाडू नगं.'"